शिफ्ट लॉक (स्वयंचलित वाहन)

शिफ्ट लॉक ही स्वयंचलित गिअरपेटी असलेल्या मोटारगाडीतील एक सुरक्षायंत्रणा आहे. गाडी ‘पी’ म्हणजे पार्क या स्थितीत असताना चालकाने ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा तेथून हलू नये, यासाठी ती बसविलेली असते. ही यंत्रणा विजेवर चालते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली किंवा तिच्या जोडणीत बिघाड झाला, तर ब्रेक दाबूनही दांडा ‘पी’मध्येच अडकून राहतो. गाडी सुरू होत नाही, आणि ढकलून बाजूलाही घेता येत नाही. अशा गाडीला विजेवाचून ‘एन’ म्हणजे न्यूट्रलमध्ये आणण्याची सोय बहुतेक उत्पादकांनी ठेवलेली असते. ती बहुधा दांड्याजवळच्या एका लहानशा झाकणाखाली दडलेली असल्यामुळे पुष्कळ गाडीमालकांना तिचा पत्ता नसतो.

पार्क स्थितीची रचना

‘पार्क’ म्हणजे ब्रेक नव्हे. या स्थितीत गिअरपेटीतून चाकांकडे जाणाऱ्या दंडावरील एका दातेरी चक्रात लोखंडी खिटी अडकते आणि चक्र जागच्या जागी थांबते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जे ‘कुत्रे’ असतात, त्याच जातीची ही वस्तू आहे. फरक इतकाच की फ्रीव्हीलचा कुत्रा चक्राला एका दिशेने फिरू देतो, तर पार्कची खिटी दोन्ही दिशा बंद करते. एक ते दीड टन वजनाची गाडी उतारावर उभी असेल तर तो सारा भार या बोटभर खिटीवर येतो. म्हणूनच गाडी उभी करताना आधी हॅंडब्रेक ओढावा आणि मग दांडा ‘पी’मध्ये न्यावा, असे सांगितले जाते. हा क्रम उलटला की खिटी दातांत घट्ट आवळली जाते.

खिटी चाकांना थेट धरत नाही. ती गिअरपेटीचा दंड धरते, आणि दंड व चाके यांच्यामध्ये डिफरन्शियल असते. भारतातील बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. अशा गाडीत ‘पी’मुळे पुढची दोनच चाके अडतात, मागची मोकळी राहतात. पुढच्या दोहोंपैकी एक चाक जमिनीवरून उचलले गेले तर डिफरन्शियलमुळे ते उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक पुढे सरकू शकते. पंक्चर झालेले पुढचे चाक जॅकवर चढवताना ‘गाडी पार्कमध्ये आहे’ एवढ्या भरवशावर राहिल्यास गाडी जॅकवरून घसरते, त्याचे कारण हे आहे. हॅंडब्रेक ओढलेला असणे आणि चाकांना दगड लावलेले असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

शिफ्ट लॉक या खिटीहून वेगळे आहे. ते खिटीला नव्हे, तर दांड्याला कुलूप घालते. दांड्याच्या तळाशी सोलेनॉइड नावाचा लहान विद्युत्‌चुंबक असतो. किल्ली ‘ऑन’वर असताना ब्रेकचे पेडल दाबले की पेडलजवळच्या स्विचमार्फत सोलेनॉइडला वीज मिळते, त्यातील अडसर मागे सरतो आणि दांडा मोकळा होतो. कान देऊन ऐकल्यास त्या क्षणी ‘टक्‌’ असा बारीक आवाज येतो. वीज नसेल तर अडसर आपल्या मूळ जागी, म्हणजे बंद स्थितीत राहतो. यंत्रणा निकामी झाली तर गाडी सुटण्याऐवजी अडकलेली बरी, असा विचार यामागे आहे.

इतिहास

जनरल मोटर्सच्या ओल्डस्‌मोबिल या गाडीत १९४० च्या मॉडेलपासून मिळू लागलेली ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. तिला पार्क ही स्थिती नव्हती. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये ठेवला की गाडी जखडली जाई. वेगळी ‘पी’ स्थिती पुढच्या काळात रूढ झाली.

शिफ्ट लॉकचा जन्म मात्र एका वादातून झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी पार्कमधून काढताच आपोआप वेगाने धावते, अशा तक्रारी झाल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने हा विषय घरोघर पोहोचवला आणि ऑडीची तेथील विक्री कोसळली. अमेरिकी वाहतूक-सुरक्षा खात्याने १९८९ मध्ये अहवाल दिला. गाडी आपोआप धावत नव्हती, ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबला जात होता, असा त्याचा सारांश. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा हलूच द्यायचा नाही, हा त्यावरचा साधा उपाय ठरला. ऑडीने तो आपल्या गाड्यांत आणला आणि इतर कंपन्यांनीही तो उचलला. अमेरिकेत ४,५३६ किलोपर्यंतच्या, पार्क स्थिती असलेल्या स्वयंचलित वाहनांना १ सप्टेंबर २०१० पासून तो कायद्याने सक्तीचा झाला.

याच काळात दुसरी एक अडचण पुढे आली. दांडा कुलूपबंद असेल आणि गाडी मृतवत पडली असेल, तर ती हलवायची कशी? अमेरिकी नियमांनी सुटकेची हाताने चालणारी सोय ठेवण्यास मुभा दिली. मात्र ती झाकलेली असावी आणि झाकण उघडायला पेचकस किंवा तत्सम हत्यार लागावे, अशी अट घातली. लहान मुलाने खेळता खेळता ती दाबू नये, हा हेतू. सुटकेचे बटण इतके लपवून का ठेवतात, याचे उत्तर या अटीत सापडते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात दीर्घकाळ हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांचेच राज्य होते. त्या गाडीत बॅटरी उतरली तरी क्लच दाबून न्यूट्रल करणे आणि चार माणसांनी धक्का मारणे, एवढे पुरेसे असते. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरियो गाडीत एएमटी हा स्वस्त प्रकार आणला आणि स्वयंचलित गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एएमटीमध्ये सहसा ‘पी’ स्थितीच नसते. त्यामुळे या लेखातील अडचण टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीएसजीसारख्या जोडक्लच गिअरपेट्यांची आहे. एएमटीची गाडी गिअरमध्ये असताना वीज गेली तर तीही अडकते, पण तिला शिफ्ट लॉकचे बटण नसते. तेथे बॅटरीला बाहेरून वीज देणे हाच मार्ग उरतो.

मराठवाड्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनी २००१ पासून गाड्या जोडते. ऑक्टाव्हिया ही तेथून बाहेर पडलेली पहिली गाडी. तिच्या डीएसजी असलेल्या पुढच्या पिढ्या जुन्या बाजारातून हात बदलत तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. गाडी येते, पण तिची पुस्तिका बहुधा पहिल्या मालकाच्या कपाटातच राहते.

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील भोकरदन तालुक्यातील धावडा यासारख्या गावी गाडी अशी अडकली, तर कंपनीचे सेवाकेंद्र हाकेच्या अंतरावर नसते. गावातील मेकॅनिक ट्रॅक्टर आणि जीप यांत निष्णात असतो, पण त्याच्या हाताखालून स्वयंचलित गाड्या फारशा गेलेल्या नसतात. येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. अंगणाच्या तोंडाशी अडकलेली एक गाडी मागच्या रुग्णाला दवाखान्यात नेणारी दुसरी गाडी अडवू शकते. अजिंठा घाटाच्या किंवा कन्नड घाटाच्या वळणावर ती थांबली तर मागून येणाऱ्या मालट्रकला ती दिसायला क्षणभराचा उशीरही पुरे होतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावर तर वेगामुळे धोका कितीतरी वाढतो.

वीज खरोखरच गेली आहे का

दांडा हलत नाही म्हणजे बॅटरीच उतरली, असे नाही. किल्ली ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डचे दिवे नीट लागत असतील आणि तरीही दांडा हलत नसेल, तर कोणालातरी गाडीच्या मागे उभे करून ब्रेक दाबावा. ब्रेकचे लाल दिवे लागले नाहीत, तर दोष बहुधा ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये असतो. अनेक गाड्यांत शिफ्ट लॉकला ‘ब्रेक दाबला’ हा निरोप त्याच स्विचकडून मिळतो. काही रुपयांचा फ्यूज बदलून काम भागते. दिवे लागतात पण ‘टक्‌’ आवाज येत नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची तार पाहावी. दांड्याजवळच्या खणात ठेवलेला चहा सांडून साखरेने अडसर चिकटणे, हेही एक नेहमीचे कारण आहे. गोठ्याशेजारी किंवा मक्याच्या कणसांच्या साठ्याजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडलेल्या असणे खेड्यात मुळीच दुर्मीळ नाही.

हाताने सुटका

सर्वांत आधी गाडी जागेवरून सुटणार नाही, याची तजवीज करावी लागते. हॅंडब्रेक पूर्ण ओढावा. उताराच्या बाजूने किमान दोन चाकांना मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये. वाहन चालवता येणारी एक व्यक्ती चालकाच्या आसनावर बसलेली असावी आणि तिचा पाय ब्रेकवर असावा. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात टाकी एक-दोन दाबांतच रिकामी होते आणि नंतर पेडल दगडासारखे कठीण लागते. ब्रेक गेला असे समजून घाबरू नये. तो लागतो, पण पायाचा जोर कितीतरी पट लावावा लागतो. स्टिअरिंगही तसेच जड होते.

किल्लीची गाडी असेल तर किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप सोडवावे, नाही तर गाडी न्यूट्रल होऊनही वळणार नाही. यानंतर दांड्याच्या बाजूला नखाएवढे चौकोनी झाकण शोधावे. चपट्या पेचकसाच्या टोकाला फडके गुंडाळून ते हलकेच उचकटावे. फडके नसेल तर प्लॅस्टिकवर कायमचा ओरखडा उमटतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत झाकणाखाली बटण असते. होंडाच्या अनेक गाड्यांत तेथे फट असते आणि तिच्यात गाडीचीच धातूची किल्ली खुपसून दाबायची असते. हे बटण किंवा किल्ली दाबून धरलेली असतानाच, दुसऱ्या हाताने दांड्यावरचे बटणही दाबून दांडा ‘एन’पर्यंत ओढायचा. एक हात सोडून दुसरा वापरला तर अडसर परत जागेवर बसतो. पहिल्या प्रयत्नात अपयश येण्याचे हेच सर्वसाधारण कारण आहे.

स्कोडा ऑक्टाव्हियात बाहेरून झाकण दिसत नाही. दांड्याभोवतीचे चामड्यासारखे आवरण कडेने वर उचलावे लागते. आत पिवळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा दिसतो. तो बोटाने बाणाच्या दिशेने ढकलून धरायचा आणि मुठीतील बटण दाबून दांडा ‘एन’मध्ये न्यायचा.

गाडी उतारावर असेल तर अडसर सुटूनही दांडा हलत नाही, असे पुष्कळदा घडते. तेव्हा दोष कुलपाचा नसून आवळलेल्या खिटीचा असतो. जोराने दांडा ओढल्यास आतील तार तुटू शकते. त्याऐवजी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी चढाच्या दिशेला दोन-चार बोटे सरकवावी, म्हणजे खिटीवरचा भार उतरतो आणि दांडा सहज येतो. त्या क्षणी गाडीला धरून ठेवणारे फक्त ब्रेक आणि दगड असतात, हे चालकाने आधीच जाणून असावे.

गाडीखाली शिरून गिअरपेटीवरील तरफ पान्याने फिरवणे, असा एक उपाय काही जण सुचवतात. कार्यशाळेत गाडी चारही बाजूंनी आधार देऊन उचललेली असेल तरच तो करण्यासारखा आहे. रस्त्यावर तो प्राणघातक आहे. तरफ फिरताच गाडी सुटते आणि तिच्याखाली माणूस असतो.

वीज बाहेरून देणे

ज्या नव्या गाड्यांत दांड्याऐवजी गोल चकती, बटणे किंवा पुन्हा मध्यावर परतणारी लहान मूठ असते, त्यांत दांडा आणि गिअरपेटी यांच्यात तारेची जोडणीच नसते. सगळा व्यवहार विद्युत्‌संकेतांचा. काही गाड्यांत आणीबाणीची तार ओढण्याची सोय असते, पण पुष्कळ गाड्यांत ती नसते. पार्किंग ब्रेकही विजेवर चालणारा असेल, तर गाडी न्यूट्रल करूनही मागची चाके जखडलेलीच राहतात. बटणाने सुरू होणाऱ्या काही गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूपही विजेवरच सुटते. अशा वेळी खटपट न करता १२ व्होल्टचा पुरवठा देणे शहाणपणाचे.

किल्लीचे रिमोट चालत नसेल तर त्याच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली काढून दार उघडता येते. बॉनेट आतील दोरीने उघडते. बॅटरी डिकीत असली तरी बहुधा बॉनेटखाली लाल टोपणाचा जोडबिंदू दिलेला असतो.

खेड्यात ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी सहज मिळते. घरातील इन्व्हर्टरची एक बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. इंजिन फिरवायला ती कदाचित अपुरी पडेल, पण सोलेनॉइड सोडवायला भरपूर आहे. मालट्रक आणि एसटी बस यांचा विद्युत्‌पुरवठा मात्र सहसा २४ व्होल्टचा असतो. तो थेट मोटारीला जोडल्यास तिचे नियंत्रक जळून जातात, आणि त्या दुरुस्तीचा खर्च टोइंगच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी अडकलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ही काळजी.

पुरात बुडालेल्या गाडीला हा उपाय लागू नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्यात बंद पडल्या. पाण्यातून निघालेल्या गाडीला वीज देणे म्हणजे ओल्या तारांत शॉर्ट सर्किट घडवणे होय. ती हाताने न्यूट्रल करावी किंवा चाके उचलून हलवावी.

न्यूट्रलनंतर

न्यूट्रल झालेली गाडी बाजूला ढकलता येते. मात्र ती दोराने लांब ओढून नेता येते, असे समजणे चूक आहे. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतील भाग तेलावाचून घासतात. काही उत्पादक ताशी ५० किलोमीटर वेगाने ५० किलोमीटरपर्यंत ओढण्यास परवानगी देतात, काही मुळीच देत नाहीत. विद्युत् गाडीची चाके फिरली की तिची मोटर वीज निर्माण करू लागते, म्हणून ती सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावी लागते.

पुष्कळदा न्यूट्रल करण्याची गरजच नसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची बाजू टोइंग व्हॅनने उचलली आणि हॅंडब्रेक सोडला, की मागच्या मोकळ्या चाकांवर ती जाते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला हे चालत नाही. तिच्या अडलेल्या चाकांखाली चाके असलेली लहान ढकलगाडी सरकवतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालक आसनावर नसताना वाहन आपोआप हलणार नाही, अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे. न्यूट्रलमध्ये, दगड न लावता सोडून दिलेली गाडी या कलमात बसत नाही. रस्त्यावर सोडलेले वाहन हटवण्याचे अधिकार कलम १२७ ने पोलिसांना दिले आहेत, तर वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल कलम २०१ खाली दंड होतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि अन्यत्र ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

बहुतेक गाड्यांत दांडा ‘पी’मध्ये परत नेण्यास शिफ्ट लॉक आड येत नाही. म्हणून गाडी नव्या जागी पोहोचताच दांडा ‘पी’मध्ये न्यावा आणि हॅंडब्रेक ओढावा. त्याशिवाय अनेक गाड्यांची किल्ली कुलपातून बाहेरच निघत नाही. उचकटलेले झाकण जागेवर बसवायचे असते, कारण ते हरवले की उघड्या फटीत धूळ जाते.